अध्यक्ष महाराज, एक नाव कार्यवाहीत येऊ द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा,
मा. सभापती, महाराष्ट्र विधान परिषद,
आणि दोन्ही सभागृहांचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई.

विषय : निवृत्त होणाऱ्या एका स्वीय सहायकाच्या सेवेची सभागृहात नोंद होण्याबाबत.

स. न. वि. वि.

अध्यक्ष महाराज,

सभागृहात बोलायला उभा राहिलेला प्रत्येक सदस्य आपल्याला याच शब्दांनी हाक मारतो. मी सदस्य नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दुष्काळी तालुक्यातली जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका आहे. तरीही हीच हाक वापरते, कारण सभागृहाची भाषा मला ज्यांनी शिकवली, त्यांच्याबद्दलच हे पत्र आहे.

आमच्या आमदारांचे स्वीय सहायक येत्या पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी काम थांबवणार आहेत. १९९५ च्या निवडणुकीनंतर ते या कामाला लागले. अख्खा तालुका त्यांना भाऊ म्हणतो. त्यांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. पत्र लिहिते असं सांगितल्यावर त्यांनी एवढीच अट घातली : "बाई, लिहायचं ते लिहा, पण नाव घालू नका. आमदारांच्या कागदावर आमदारांचंच नाव असतं." अट मी पाळते आहे. नाव आमचे आमदार आपल्याला लेखी कळवतील. मला ते नाव विधानसभेच्या कार्यवाहीत छापलेलं बघायचं आहे, आणि ते तिथे का यावं हे सांगण्यासाठी आपला थोडा वेळ घेते.

पीए म्हटलं की लोकांच्या मनात काय येतं, ते मला ठाऊक आहे. दारात अडवणारा माणूस, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणणारा माणूस, आणि त्याहून वाईटही बरंच काही. असे लोक असतील, आहेतच. पण त्यांच्यामुळे बाकीच्यांचं काम झाकलं गेलं आहे. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८, असे ३६६ सदस्य. या प्रत्येकाच्या मागे एक तरी माणूस असा असतो, जो लोकांनी चुरगाळून आणलेला अर्ज सरळ करून वाचतो आणि त्याचा सरकारला कळेल असा कागद करतो. मी अशा एका माणसाला काम करताना जवळून पाहिलं आहे.

आमचं गाव ओढ्याच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. दुष्काळी भाग म्हटला तरी डोंगरात एक जोराचा पाऊस झाला की ओढा तासाभरात दुथडी भरून वाहतो. तेव्हा ओढ्यावर नुसता एक बुटका फरशी पूल होता. २००६ च्या ऑगस्टमध्ये शाळा सुटल्यावर चौथीतली एक मुलगी त्या फरशीवरून घसरली. शेजारच्या मळ्यातल्या माणसानं तिच्या दप्तराचा बंद धरला म्हणून ती वाचली. तो बंद निम्मा उसवला होता. ते दप्तर मी पुढे बरेच दिवस शाळेच्या कपाटात ठेवलं होतं, आणि कुणी साहेब तपासणीला आले की काढून दाखवत असे.

त्याआधी आणि त्यानंतरही मी अर्ज केले. ग्रामपंचायतीला, पंचायत समितीला, जिल्ह्याला. पोच मिळायची, तीही मागून घेतल्यावर. शेवटी तालुक्याच्या गावी आमदारांच्या कार्यालयात गेले. तिथे भाऊ बसले होते. त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "बाई, यात दुःख आहे, पण माहिती नाही. रविवारी येतो."

रविवारी ते एसटीनं आले. एका कळकावर खुणा करून ओढ्यातलं पाणी मोजलं, फरशीची लांबी पावलांनी आणि मग टेपनं मोजली, पाणी चढल्याच्या खुणा कडेच्या करंजाच्या खोडावर कुठवर आहेत ते बघितलं. मग शाळेत येऊन म्हणाले, "हजेरीपट काढा." मला वाटलं, मुलांची संख्या हवी असेल. त्यांनी तीन वर्षांचे जून ते सप्टेंबरचे हजेरीपट समोर घेतले आणि ज्या दिवशी गावाकडची सगळीच्या सगळी मुलं गैरहजर आहेत, असे दिवस वेगळे काढले. एकेचाळीस दिवस निघाले. मी त्या शाळेत नऊ वर्षं होते. रोज हातानं हजेरी मांडत होते. ओढ्यानं मुलांचे किती दिवस खाल्ले हे त्याच हजेरीपटात लिहिलेलं आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांनी माझ्यासमोर तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात द्यावं लागतं अशा प्रश्नाचा, मसुदा लिहिला. आपल्याला तो साचा रोजचा आहे, मी तो पहिल्यांदा पाहत होते. अमुक ओढ्यावरील फरशी पाण्याखाली जाऊन विद्यार्थ्यांच्या जिवाला धोका निर्माण होतो, हे खरे आहे काय? असल्यास, उक्त ठिकाणी पूल बांधण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? त्यांनी मला यातला एकेक शब्द समजावून सांगितला. प्रश्नात आरोप चालत नाही, तर्क चालत नाही, न्यायालयात असलेला विषय चालत नाही. जे चालतं ते इतकं साधं लिहायचं, की उत्तर देणाऱ्याला बाजूनं निसटायला जागा राहू नये. "असल्यास" आणि "नसल्यास" या दोन शब्दांनी दोन्ही दारं बंद होतात, असं ते म्हणाले.

मी विचारलं, आता माहितीचा अधिकार आला आहे ना, मग हे कशाला? महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. ते म्हणाले, तोही अर्ज करू, नकला त्यातून मिळतील. पण सभागृहात आलेलं उत्तर वेगळं. ते मंत्र्यांच्या नावानं येतं, छापलं जातं, आणि मंत्र्यांनी सभागृहात "करण्यात येईल" म्हटलं की त्याचं आश्वासन होतं. ते पाळलं की नाही हे बघायला आश्वासन समिती असते. माहितीच्या अधिकाराचा कायदा यायच्या आधी तर साध्या माणसाला सरकारकडून लेखी उत्तर मिळवायचा हाच एक धड रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर भाऊ कायदा येण्याआधी सात वर्षं चालत होते. तेव्हा मराठी टाइपरायटर होता. तीन प्रतींसाठी दोन कार्बन घालायचे आणि एक अक्षर चुकलं की तिन्ही प्रती खोडायच्या. मग संगणकावरचे नाना फॉन्ट आले, एका कार्यालयातला मजकूर दुसऱ्या कार्यालयात उघडला की नुसत्या चौकटी दिसायच्या. मग युनिकोड आलं. हे सगळं ते स्वतःच शिकत गेले, कुणी प्रशिक्षणाला पाठवलं नव्हतं.

पहिलं उत्तर आलं : "हे खरे नाही." पर्यायी रस्ता उपलब्ध आहे, असं पुढे लिहिलं होतं. तो रस्ता सहा किलोमीटरचा वळसा घालून जातो. मी चिडले, रडलेसुद्धा. भाऊ शांत होते. त्यांनी तो वळसा चालून पाहिला, वेळ लिहून घेतली, पहिलीतल्या मुलाला तेवढं चालायला किती वेळ लागेल ते मला विचारलं आणि पुढच्या अधिवेशनाला प्रश्न नव्यानं टाकला. या वेळी उत्तर आलं : "हे अंशतः खरे आहे." ते वाचताना त्यांचा चेहरा जो उजळला तो मी विसरणार नाही. म्हणाले, "बाई, सरकारनं अर्धं कबूल केलं. आता उरलेलं अर्धं काढू."

उरलेलं अर्धं लक्षवेधी सूचनेनं निघालं. नियम १०५, तातडीच्या सार्वजनिक विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधण्याचा. त्या दिवशी आमदारांनी सभागृहात एकेचाळीस दिवसांचा आकडा सांगितला. वर्तमानपत्रांत बातमी आली, आमदारांचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. सभागृहात उभं राहायचं धाडस आणि जबाबदारी त्यांची. पण तो आकडा माझ्या हजेरीपटातून ज्यानं वेचून काढला, तो माणूस त्या वेळी सभागृहाबाहेर हातात पुढच्या विषयाची फाइल घेऊन उभा होता.

लोकांना वाटतं, आमदारांनी मनावर घेतलं की पूल होतो. मलाही तसंच वाटायचं. शिफारसपत्र, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, अर्थसंकल्पात किंवा वर्षाच्या मध्ये येणाऱ्या पुरवणी मागण्यांत तरतूद, निविदा, कार्यारंभ आदेश, अशी ती वाट आहे, आणि यातल्या प्रत्येक टेबलावर कागद आपोआप पुढे सरकत नाही. भाऊंकडे एक लांबट रजिस्टर असतं, दुकानात उधारीला वापरतात तसं. डाव्या बाजूला कामाचं नाव, उजवीकडे कागद आज कुठल्या टेबलावर आहे ते, आणि त्याखाली तारखा. आमच्या पुलाच्या पानावर तारखांना जागा पुरली नाही म्हणून वर एक चिठ्ठी जोडली होती.

आणि मग २००९ ची निवडणूक आली. आमचे आमदार पडले.

पुढची गोष्ट मी कुठे वाचलेली नाही, डोळ्यांनी पाहिलेली आहे. निकालानंतरच्या आठवड्यात मी पुलाचं काय होणार म्हणून जुन्या कार्यालयात गेले. कार्यालय आवरायला घेतलं होतं. बाहेर कार्यकर्त्यांच्या खुर्च्या उलट्या रचलेल्या होत्या. आत भाऊ एकटे बसून यादी करत होते. अर्जदाराचं नाव, गाव, काम, कागद कुठे अडला आहे, कुणाशी बोलावं लागेल. एकशे बारा अर्ज. ती यादी आणि सगळ्या फाइली घेऊन ते दुसऱ्या दिवशी निवडून आलेल्या आमदारांच्या घरी गेले. तो पक्ष दुसरा. प्रचारात दोन्हीकडून नको ते बोललं गेलेलं. भाऊंच्या माणसांनीच त्यांना अडवलं. आपली कामं त्यांच्या हाती का सोपवायची, करू द्या त्यांना पहिल्यापासून, असं म्हणाले. भाऊंनी उत्तर दिलं, "अर्ज पक्षाचे नाहीत."

महिन्याभरानं नव्या आमदारांनी त्यांना बोलावून घेतलं आणि कामावर ठेवलं. आमचा पूल २०११ च्या पावसाळ्याआधी झाला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भाऊ पुन्हा आले होते. कोनशिलेवर गावाच्या नावात एक वेलांटी चुकली होती. तेवढी रात्रीत दुरुस्त करून घेतली आणि सकाळी समारंभ सुरू व्हायच्या आधी पुढच्या गावाला निघून गेले.

अध्यक्ष महाराज, पक्ष बदलले, आमदार बदलले, आणि तालुक्याच्या कामाची आठवण एका माणसाच्या रजिस्टरमध्ये शाबूत राहिली. आपल्या लोकशाहीत ही जबाबदारी कुणावर सोपवलेली आहे, हे मी बरंच शोधलं. कुणावरच नाही.

मुंबईतलं त्यांचं काम मी एकदाच पाहिलं, २०१३ साली, माझ्या जावेला टाटा हॉस्पिटलला न्यायचं होतं तेव्हा. मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं आम्ही पहाटे दादरला उतरलो. भाऊ फलाटावर उभे होते. अधिवेशन चालू होतं, रात्री उशिरापर्यंत ते जागेच असणार. त्यांनी आम्हाला परळला पोचवलं, केस पेपर काढून दिला आणि साडेनऊला विधान भवनात हजर झाले. रात्री आम्ही आकाशवाणी आमदार निवासातल्या आमदारांच्या खोलीत मुक्कामाला. खोलीत आमच्याशिवाय आणखी दोन रुग्णांचे नातेवाईक होते. पलंग रुग्णाला, सतरंजी नातेवाइकांना, आणि भाऊ दाराजवळच्या पट्टीवर. उशाला फाइल. पहाटे कुणाच्या तरी खोकल्यानं मला जाग आली, तर ते व्हरांड्यातल्या दिव्याखाली बसून दुसऱ्या दिवशीच्या औचित्याच्या मुद्द्याचा, म्हणजे सभागृहात थोडक्यात मांडायच्या तातडीच्या विषयाचा, कागद नीट उतरवून काढत होते.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी राखीव असतात आणि त्यांचे उपचार मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, हे मला त्या मुक्कामात कळलं. माझं शिक्षण झालेलं, रोज वर्तमानपत्र वाचणारी मी, आणि मला माहीत नव्हतं. शेतमजुराला कुठून असणार? मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज कसा करायचा, खर्चाचं अंदाजपत्रक डॉक्टरांकडून कोणत्या शब्दांत मागायचं, उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत मिळतो, हे भाऊ एकेका माणसाला बसवून सांगायचे, आणि मग तेच पुढच्या माणसाला पुन्हा, त्याच आवाजात, कंटाळा न करता. शिक्षक म्हणून मी एवढं तरी ओळखते, की हा गुण फार कमी लोकांकडे असतो.

नागपूरच्या अधिवेशनाबद्दल मला ऐकूनच माहीत आहे. १९५३ च्या नागपूर करारानं विदर्भाला वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घेण्याचा शब्द दिला, आणि १९६० पासून बहुतेक वर्षी हिवाळ्यात सरकार तिथे जातं. सदस्यांसाठी ते दोन आठवड्यांचं अधिवेशन. सहायकांसाठी त्याची तयारी दिवाळीपासून सुरू होते. टेकडी रोडला आणि मॉरिस कॉलेजच्या चौकात मोर्चे अडवले जातात. आमच्या तालुक्यातल्या अंगणवाडीताई एकदा त्या मोर्चात होत्या. त्या सांगतात, दुपारी थंडगार झालेल्या रस्त्यावर बसलो होतो, आणि गर्दीतून वाट काढत भाऊ आले, हातात निवेदन घेतलं, उभ्यानंच वाचलं आणि म्हणाले, मागणी तीन नंबरची वर घ्या, तीच आधी मान्य होईल. तशी ती झाली, असं त्या आजही सांगतात.

टाळेबंदीच्या दिवसांत हा माणूस बहुतेक वेळ फोनवरच होता. पुण्या-मुंबईत अडकलेल्या पोरांच्या याद्या, गावोगावच्या रेशनच्या तक्रारी, ऑक्सिजनची खाट. त्या काळात त्यांनी स्वतःच्या घरातलं एक माणूस गमावलं. त्याबद्दल ते बोलत नाहीत, म्हणून मीही अधिक लिहीत नाही.

आता मागणीकडे येते.

संविधानाच्या अनुच्छेद १८७ नं विधानमंडळाला स्वतंत्र सचिवालय आणि स्वतःचा कर्मचारीवर्ग दिला आहे. त्या कर्मचाऱ्यांना सेवापुस्तक आहे, रजा आहे, निवृत्ती आहे. योग्यच आहे ते. माजी आमदारांना निवृत्तिवेतन आहे, एकदाच निवडून आलेल्यालाही आहे. त्यालाही माझा विरोध नाही. ज्यानं आयुष्याची उमेदीची वर्षं लोकांसाठी दिली, त्याला म्हातारपणी हात पसरायची वेळ येऊ नये. पण मग हेच वाक्य सदस्याच्या सहायकाला का लागू होत नाही? सदस्य पडला की त्याच दिवशी सहायकाचंही काम जातं. १९७२ च्या कायद्यानं कारखान्यातल्या कामगाराला पाच वर्षांच्या नोकरीवर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. भाऊंना तीस वर्षांनंतर आमदार स्वतःच्या खिशातून काय देतील तेच. तीस वर्षं त्यांनी विधानमंडळाचं काम केलं, हे दाखवणारा एक कागदही त्यांच्याकडे नाही. दर अधिवेशनाचे प्रवेशपत्र तेवढे त्यांनी जपून ठेवले आहेत, रबर लावून, एका बिस्किटाच्या डब्यात.

म्हणून पहिली विनंती अशी, की सदस्यांच्या अधिकृत स्वीय सहायकांची नोंदवही सचिवालयानं ठेवावी. कोण, कधीपासून, कुठल्या सदस्याकडे. सदस्य बदलला तरी वर्षं मोजली जावीत. ही नोंद असली की भविष्य निधी, गटविमा, निवृत्तीच्या वेळी काही ठरावीक रक्कम, या गोष्टी पुढे बोलता तरी येतील. आज नोंदच नसल्यामुळे बोलायला सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही.

दुसरी विनंती मला जास्त जवळची आहे, कारण ती शिकवण्याबद्दल आहे. विधान भवनात वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. पागे साहेब आमच्याच बाजूचे, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. रोजगार हमी योजनेचे ते जनक. अठरा वर्षं परिषदेचे सभापती होते. त्यांच्या नावाच्या केंद्रात नव्या सहायकांसाठी दोन दिवसांचा वर्ग घ्यावा आणि तो भाऊंना घेऊ द्यावा. प्रश्न कसा लिहायचा, "हे खरे नाही" असं उत्तर आलं की पुढे काय करायचं, पुरवणी मागण्यांच्या पुस्तकात आपल्या तालुक्याचं काम कुठे शोधायचं, फाटलेल्या अर्जातून माहिती कशी काढायची. नागपूरला राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग होतो. त्या मुलांनाही एक तास या माणसासमोर बसवावं. भाऊंच्या डोक्यात जे आहे ते लिहून ठेवलं गेलं नाही तर अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ते त्यांच्याबरोबर एसटीत बसून गावी जाईल.

तिसरी विनंती पत्राच्या सुरुवातीला सांगितली तीच. अधिवेशन संपताना आपण सचिवालयाचे, पोलिसांचे, पत्रकारांचे आभार मानता. दिवंगत सदस्यांना सभागृह उभं राहून श्रद्धांजली वाहतं. परिषदेतले सदस्य निवृत्त होतात तेव्हा त्यांना निरोप देणारी भाषणं होतात, आणि काही भाषणं फार सुंदर असतात, मी दूरदर्शनवर ऐकली आहेत. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये सदस्य आपल्या निवृत्त होणाऱ्या सहायकाच्या कामाचा गौरव सभागृहाच्या छापील कार्यवृत्तात नोंदवतात. ही पद्धत तिथे जुनी आणि नेहमीची आहे. आपल्याकडेही ती सुरू व्हावी. एका सदस्यानं उठून दोन मिनिटं बोलावं, आपण ती नोंद घ्यावी. त्या दिवशी भाऊंना प्रेक्षक गॅलरीत बसायचा पास द्यावा. आत ज्या कामासाठी तीस वर्षं कागद पाठवले, ते काम त्यांनी एकदा निवांत बसून पाहावं, हातात फाइल नसताना.

हे सगळं मला जसं शिकवलं गेलं तशाच भाषेत मांडायचा प्रयत्न केला आहे. चूक असल्यास पदरात घ्यावी :

सन्माननीय अध्यक्ष पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :

(१) एका स्वीय सहायकाने सन १९९५ पासून सलग तीस वर्षे मतदारसंघातील नागरिकांची गाऱ्हाणी विधानमंडळाच्या निदर्शनास आणून दिली, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, त्यांच्या सेवेची नोंद सभागृहाच्या कार्यवाहीत घेण्याबाबत कोणती कार्यवाही करण्यात येत आहे;

(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

हा मसुदा मी भाऊंना दाखवलेला नाही. हाताने लिहिलेलं हे सगळं पत्र टाइप केलं आहे ते २००६ साली फरशीवरून घसरलेल्या त्या चौथीतल्या मुलीनं. ती आता तालुक्याच्या रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळीहून येऊन तिनं दोन बैठकांत टाइप केलं आणि पुलाच्या भागात माझ्या लिहिण्यातली एक चूक दुरुस्त केली. दप्तराचा बंद निम्मा उसवला होता, असं मी वर लिहिलं आहे. ती म्हणते, पूर्ण तुटला होता, त्या काकांनी नंतर माझा हात धरला. मी मजकूर तसाच ठेवते आणि तिचं म्हणणंही इथे नोंदवते.

आपल्याकडून नोंद घेतली गेली तर त्या दिवसाच्या कार्यवाहीची एक प्रत आमच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवावी, ही विनंती. पत्ता आमदारांच्या पत्रासोबत येईल. पोस्टमन पुलावरून येतो, त्यामुळे पावसाळ्यातही टपाल वेळेवर मिळतं.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका